काकवी नथ्थूचा जाळ

लोणखेड्याच्या शिवारात, गोमाई नदीपासून हाकेच्या अंतरावर, दोधू आप्पांचं गुऱ्हाळ आहे. दिवाळी उरकली की ते पेटतं आणि होळीपर्यंत त्याचं धुराडं थंड होत नाही. रस्त्याने जाणारा माणूस गुऱ्हाळाकडे बघतो तेव्हा त्याला वर उसाचा रस उकळणारी भली मोठी कढई, म्हणजे काहील, दिसते, काहिलीवरची वाफ दिसते आणि हातात लांब दांड्याचा झारा घेऊन उभे असलेले दोधू आप्पा दिसतात. खाली, काहिलीच्या पाठीमागच्या खड्ड्यात, चुलाणाच्या तोंडाशी बसलेला नथ्थू कोणाला दिसत नाही.

नथ्थूचं काम जाळ घालण्याचं. उसाचा रस काढून उरलेली चिपाडं उन्हात वाळवायची आणि मूठमूठ करून चुलाणात सारायची. हे काम तो अठराव्या वर्षापासून करत होता आणि आता त्याला बहात्तरावं लागलं होतं. इतक्या वर्षांत त्याने गूळ होताना फारसा पाहिलेला नव्हता, कारण काहील त्याच्या डोक्याच्या वर असायची. पण आवाज मात्र त्याला सगळे कळायचे. रस पहिल्यांदा उसळतो तो आवाज, मळी वर येते तो, आणि पाक दाट होऊन फुटायला लागतो तो अगदी वेगळा, म्हाताऱ्या माणसाच्या पुटपुटण्यासारखा. वरून आप्पांनी काही सांगायच्या आतच नथ्थूचा हात आखडलेला असायचा.

त्याच्याबद्दल गावात दोन गोष्टी सांगितल्या जात. एक, चुलाण पेटलेलं असताना नथ्थू जागचा हलत नाही. स्वतःच्या मुलाच्या, ललितच्या, साखरपुड्यालाही तो काहील उतरल्यावरच गेला होता, अंगाला धुराचा वास घेऊन. आणि दुसरी, त्याचं नाव. नथ्थू म्हणून त्याला फक्त मतदार यादी ओळखत होती. गाव त्याला काकवी म्हणायचं. लहान पोरं काकवीनाना म्हणायची. पाक गुळापर्यंत पोचायच्या आधी जी पातळ, गोड, तांबूस धार असते ती काकवी, आणि नथ्थूला ती फार आवडते म्हणून हे नाव पडलं, असं सगळे समजत. नथ्थूनेही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

त्याची नात चारुलता हीसुद्धा तसंच समजत होती. ललित सुरतला कापडाच्या गिरणीत नोकरीला, म्हणून चारू आजी-आजोबांजवळ वाढली. शाळा शहाद्याला, बी.एस्सी. लोणखेड्यालाच, आणि मग ती पुण्याला एका संशोधन संस्थेत गेली. तिथे ती नेमकं काय करते हे सांगणं गावात कोणालाच जमत नसे. नथ्थूची बायको कमलबाई सांगायची की पोर हाडं बनवते. हे ऐकून शेजारच्या छबूबाईने एकदा आपला दुखणारा गुडघा घेऊन चारूची वाट पाहिली होती.

या वर्षी संक्रांतीच्या तीन दिवस आधी चारू अचानक आली. सकाळच्या गाडीतून उतरली ती पाठीवर एक पिशवी, हातात काही नाही आणि चेहरा असा की कमलबाईने चहा ठेवायच्या आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

संध्याकाळी नथ्थू कामावरून आल्यावर तिने सांगितलं. दोन वर्षं ती एका विषयावर काम करत होती. तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा फसला. तिच्या मॅडमनी मार्चअखेरपर्यंत आणखी एक संधी दिली होती. तोवर जमलं नाही तर विषय बदलायचा. म्हणजे दोन वर्षांच्या वह्या बासनात बांधून ठेवायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. चौथा प्रयोग लावायच्या आधी चार दिवस डोकं शांत करून ये, असं मॅडमच म्हणाल्या होत्या.

नथ्थू हात धुऊन तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "काय बिघडस ते तरी सांग. समजनं तं समजनं."

चारूने सांगायला घेतलं. हाडाच्या पोकळीत मगज असतो, त्यात काही पेशी असतात ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्यातली एखादी पुढे हाड बांधणारी पेशी होते, एखादी चरबी साठवणारी होते. तरुणपणी बऱ्याचशा हाडाकडे वळतात. वय झालं की वारं फिरतं, जास्त जास्त पेशी चरबीकडे जायला लागतात आणि हाड आतून पोकळ होत जातं.

कमलबाईचं मनगट गेल्या पावसाळ्यात न्हाणीशी पाय घसरून मोडलं होतं आणि शहाद्याच्या डॉक्टरांनी फोटो बघून हाडं विरळ झाल्याचं सांगितलं होतं. तिने ते मनगट उलटंपालटं करून पाहिलं.

"म्हणजे मन्हा हाडमा तूप भराय गयं का मंग?"

चारूला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. ती म्हणाली, तसंच काहीसं. मग कमलबाईने विचारलं की एवढं तूप आत असताना भाकरीवर घालायला डॉक्टर का नाही म्हणतो.

पुढचं सांगणं नथ्थूसाठी होतं. त्या पेशी कुठे वळणार हे औषधांवर अवलंबून असतं, हे पूर्वीपासून माहीत आहे. पण आता लोकांच्या लक्षात यायला लागलंय की पेशी काय खाते आणि खाल्लेलं कसं जाळते, यावरही ते बरंचसं ठरतं. पेशीत साखर जाळायच्या दोन तऱ्हा आहेत. एक झटपट, अर्धवट, हवा नसली तरी चालणारी. दुसरी पूर्ण जाळण्याची, तिला हवा लागते आणि त्यासाठी प्रत्येक पेशीच्या पोटात बारीक बारीक चुली असतात. या दोन्हींचा मेळ कसा बसतो त्यावर पेशीचा पुढचा रस्ता बदलतो. चारूचा विषय हाच होता.

चुली म्हटल्यावर नथ्थू सरसावून बसला.

"जाळ घालस कोण त्या चुलीसमा?"

चारू म्हणाली, मी. काचेसारख्या प्लॅस्टिकच्या चपट्या थाळीत पेशी तळाला चिकटून वाढतात, त्यांच्यावर गुलाबी पाणी असतं, त्यात साखर आणि बाकीचं सगळं खाद्य. ती थाळी माणसाच्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायची, दर दोन-तीन दिवसांनी जुनं पाणी काढून नवं घालायचं, आणि असं तीन आठवडे. हाड होण्याचं औषध त्या पाण्यातच असतं. शेवटी एक लाल रंग टाकायचा. जिथे हाडासारखा चुना धरला असेल तिथे तो रंग बसतो. तिच्याबरोबरचा धीरज नावाचा मुलगा त्याच पेशी, तेच औषध वापरतो आणि त्याच्या थाळ्या लालभडक होतात. तिच्या थाळ्यांवर रंगाचे चार ठिपके, आणि दुर्बिणीखाली बघावं तर पेशींच्या पोटात चरबीचे चमकते थेंब.

नथ्थूने बराच विचार करून आपलं मत दिलं. साखर जुनी असेल. त्याच्या अनुभवात शिळ्या उसाच्या रसाचा गूळ कधी बरा होत नाही. चारूने समजावलं की साखर एकाच बाटलीतली होती, धीरजचीही तीच. मग नथ्थूने उबेच्या कपाटावर संशय घेतला. तेही एकच होतं. त्यानंतर त्याचे अंदाज संपले आणि तो ओशाळून शेंगा फोडायला लागला.

चारूने मोबाइल काढला. एका मैत्रिणीने तिचं काम करतानाचं चित्रण केलं होतं, ते तिने आजीला दाखवलं. पडद्यावर निळे हातमोजे घातलेले हात होते, आणि एक बारीक नळी थाळीच्या खळग्यांत गुलाबी पाणी सोडत होती. कमलबाईला ते फार आवडलं. पोरीचा हात किती हलका आहे, असं ती म्हणाली. एवढ्यात पडद्यावरचा हात पुन्हा त्याच खळग्यांवर आला आणि आणखी पाणी सोडलं, मग तिसऱ्यांदा आणखी.

हे कशाला, कमलबाईने विचारलं. चारू म्हणाली, हा शुक्रवार होता. शनिवार-रविवार ती संस्थेत जात नाही. सणाला घरी आली तर तीन-चार दिवस जात नाही. तेवढ्यात पेशी उपाशी राहायला नकोत, म्हणून ती जाताना भरपूर घालून जाते.

कमलबाईने मान डोलावली. "बरं करं. कोनलेबी भुकं ठेवानं नही."

कमलबाई स्वतः शेतावर निघाली तरी मांजरीसाठी दोन वाट्या दूध ठेवून जायची आणि संध्याकाळी एक वाटी मुंग्यांनी भरलेली सापडायची. तिला त्यात काही चुकलं असं वाटणं शक्यच नव्हतं.

पण नथ्थूच्या हातातली शेंग फुटली नाही. त्याने मोबाइल मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि ते चित्रण परत लावायला सांगितलं. दोनदा पाहिलं. मग मोबाइल परत दिला आणि लवकर अंथरुणावर पडला.

दुसऱ्या दिवशी चुलाणाशी त्याचं लक्ष नव्हतं. चिपाडांच्या मोळ्या आणून देणारा सुरुपसिंग धडगावकडचा, हंगामापुरता खाली उतरलेला. तो नथ्थूबरोबर आठ वर्षं काम करत होता आणि सहसा बोलायचा नाही. त्या दिवशी मात्र त्याने विचारलं, नाना, तब्येत बरी नाही का. नथ्थू म्हणाला, बरी आहे. सुरुपसिंगने वर धुराड्याकडे बोट दाखवलं. धूर काळा येत होता. नथ्थूने घाईघाईने चुलाणाचं तोंड लोखंडी गजाने मोकळं केलं, राखेचा बोगदा उकरला, तेव्हा कुठे जाळ पुन्हा हसायला लागला.

दुपारी चारू त्याची भाकरी घेऊन आली. एक काहील नुकतीच उतरली होती आणि दुसरी चढायची होती, म्हणून नथ्थू बाहेर आला आणि दोघं चिपाडांच्या गंजीला टेकून बसले. नथ्थूने भाकरी सोडली, ठेच्याला बोट लावलं, आणि पुन्हा भाकरी बांधून ठेवली. मग चारूकडे न बघता, गोमाईच्या बाजूला बघत, त्याने जे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गुऱ्हाळ दोधू आप्पांच्या वडिलांचं होतं आणि दोधू आप्पा नुकतेच गुळव्या म्हणून काहिलीवर उभे राहायला लागले होते. कमलबाईचं माहेर खांडबाऱ्याचं. तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, आणि हळदीला पोचायचं तर नंदुरबारहून संध्याकाळची आगगाडी धरावी लागणार होती. दिवसाची शेवटची काहील चढलेली. नथ्थूने हिशेब केला की अजून दीड तासाचा जाळ लागेल. कोणाला सांगावं तर बोलणी खावी लागतील. म्हणून त्याने चुलाण तोंडापर्यंत चिपाडांनी गच्च भरलं. दीड तासाचं एकदम. मग मागच्या बांधावरून पळत जाऊन शहाद्याची मोटार धरली. मनात समाधान होतं की चुलाणाला भुकेलं ठेवलं नाही.

चुलाण भुकेलं राहिलं नाही, पण गुदमरलं. एवढं कोंबल्यावर आत हवाच शिरेना. जाळ न होता नुसता धूर कोंडत राहिला. वर रस धड उकळेना, धड थांबेना, तासन्‌तास रेंगाळला. आप्पांनी शेवटी कंटाळून काहील उतरवली. सकाळी बघतात तर ढेप धरलेलीच नाही. सगळी काहील काळपट, चिकट, पातळ. म्हाताऱ्या मालकांनी ती डब्यांतून घरोघर वाटून टाकली आणि गाव महिनाभर भाकरीशी काकवी खात राहिलं.

"दोष आप्पावर उना," नथ्थू म्हणाला. चुलाण तोंडापर्यंत भरलेलं, म्हणून जाळावर कोणाला संशय आला नाही. गोळी कच्ची धरली, पाण्यात पाक टाकून बघायची अक्कल नाही, असं बापाने भर गुऱ्हाळात ऐकवलं. आप्पांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. नथ्थू तोवर लग्नाहून परत आला होता. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याला दुसरं काही सुचेना म्हणून तो ज्या घरी जाई तिथे काकवी मागून खाई आणि असली काकवी उभ्या तालुक्यात मिळणार नाही असं सांगे. आप्पांचं दुःख तेवढंच कमी होईल, असं त्याला वाटे. लोकांनी त्याचंच नाव काकवी ठेवलं.

चारू ऐकत होती. आधी तिला हसू आलं, कारण काळपट काकवीची घरोघर तारीफ करत फिरणारा तरुण नथ्थू तिला डोळ्यांसमोर दिसला. मग तिने विचारलं की नाना हे आज का सांगताय.

"तू काल दाखाडं ना," नथ्थू म्हणाला. "घर येवानी घाई व्हती म्हनीसन तूबी कोंबी दिनं. वर पानी इतलं व्हयनं तं खाले हवा कशी जाई?"

चारू लगेच म्हणाली, तसं नसतं नाना. पाण्यातूनही हवा जाते. आणि थोडं जास्त तर तिथे सगळेच घालतात. नथ्थू लगेच मागे सरला. आपल्याला काय कळतंय, सुचलं ते बोललो, असं म्हणून त्याने भाकरी पुन्हा सोडली आणि खाली मान घालून जेवायला लागला.

चारू मात्र तशीच बसली होती. पाण्यातून हवा जाते, पण सावकाश जाते, आणि पाणी जितकं खोल तितकी तळाला कमी पोचते. हे तिला माहीत होतं. तिने परीक्षेत त्याचं सूत्रही लिहिलं होतं. ती दोन वर्षं पेशींच्या चुलींवर काम करत होती, साखर मोजत होती, आणि त्या चुलींवर आपण किती पाणी उभं केलंय हे तिने वहीत एकदाही लिहिलेलं नव्हतं. वहीत फक्त "खाद्य बदललं" असं होतं, तारखेसह.

तिने तिथेच, चिपाडांच्या गंजीला टेकून, धीरजला फोन लावला.

"धीरज, शुक्रवारी जाताना तू किती घालतोस?"

"नेहमीएवढंच."

"मग शनिवार-रविवार?"

"रविवारी दुपारी येऊन बदलतो. माझी खोली जवळच आहे ना. का गं?"

तिने नंतर सांगते म्हणून फोन ठेवला. मग नथ्थूच्या भाकरीच्या फडक्याला चिकटलेले तीन ज्वारीचे दाणे उचलले आणि त्याला दाखवले. धीरजचं पाणी या दाण्याच्या उंचीइतकं. तिचं, शुक्रवारचं, तीन दाणे एकावर एक ठेवले तर होईल तितकं. आणि तीन आठवड्यांत नऊ-दहा दिवस पेशी तशाच बुडून राहत होत्या.

नथ्थूला आनंद व्हायला हवा होता, पण तो चारूचा चेहरा बघत होता. तिचे कान लाल झाले होते. आता मॅडमना सांगावं लागेल, ती म्हणाली. दोन वर्षं मी सुट्टीच्या घाईत पेशींना बुडवत होते, हे कसं सांगू. गुपचूप चौथा प्रयोग बरोबर पाणी घालून केला आणि जमला, तर कोणाला कळणारही नाही.

"कळावं नही," नथ्थू म्हणाला. "माले बेचाळीस वरीस झाये, कोनले कळनं नही. मी चुलाणपाशीन उठी नही शकनू, इतलंच."

चारू उठली, कपड्यांवरची चिपाडं झटकली. जाताना वळून म्हणाली की मी मॅडमना सांगते, पण मग तुम्ही आप्पांना सांगायचं. नथ्थूने ऐकू न आल्यासारखं केलं. चुलाणाशी बसलेल्या माणसाला ते सहज जमतं.

संक्रांतीचे तिळाचे लाडू आणि पाच किलोची ढेप घेऊन चारू पुण्याला गेली. आठ दिवसांनी तिचा फोन आला. मॅडमना सांगितलं होतं. त्या रागावल्या का, तर रागावल्या. पण पाण्यासाठी कमी आणि वहीसाठी जास्त. किती घातलं हे न लिहिता खाद्य बदललं असं लिहिणारा माणूस आपण पहिल्यांदा बघतोय, असं म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच कागदावर तीन रकाने आखले. एका थाळीत एका दाण्याइतकं पाणी, दुसरीत दोन, तिसरीत तीन. पेशी त्याच, औषध तेच. चौथा प्रयोग असा लावायचा. तीन आठवडे, मग पुन्हा पहिल्यापासून तसाच, म्हणजे योगायोग म्हणायला नको.

त्या आठवड्यांत नथ्थू रोज संध्याकाळी मोबाइल उशाशी घेऊन बसायचा. तो फोन करायचा नाही, कारण फोनवर काय बोलावं हे त्याला कधीच सुचलं नाही. कमलबाई करायची. पेशी जेवल्या का, असं ती रोज विचारायची, आणि एका दाण्यावर त्यांचं कसं भागत असेल याची तिला काळजी होती. रविवारी चारू खास बसने संस्थेत जाऊन पाणी बदलून येते हे ऐकल्यावर तिचा जीव थोडा खाली बसला. नथ्थूची काळजी वेगळी होती. हवेचा मुद्दा खोटा ठरला तर पोरीने उगाच मॅडमसमोर मान खाली घातली, तीही एका जाळ घालणाऱ्याच्या बोलण्यावरून. असं काही झालं तर चारू आपल्याला बोलून दाखवणार नाही, हे त्याला माहीत होतं, आणि त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटायचं.

होळीच्या सहा दिवस आधी, भर दुपारी, मोबाइलवर फोटो आला. चुलाण पेटलेलं होतं. सुरुपसिंगला त्याच दिवशी सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीसाठी डोंगराकडे निघायचं होतं, तो पिशवी बांधत होता. नथ्थूने हात पुसून फोटो उघडला. दोन्ही वेळच्या थाळ्या एकाखाली एक ठेवल्या होत्या. पहिली थाळी लाल, पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीसारखी. दुसरी त्याहून फिकी. तिसरी जवळजवळ कोरी.

पाठोपाठ चारूचा फोन आला. ती भराभर बोलत होती, आणि नथ्थूला निम्मंच कळलं. पहिल्या थाळीत हाडाचा चुना भरपूर धरला. तिसरीत, बुडालेल्या थाळीत, चरबीचे थेंब. दोन्ही वेळा सारखंच. मॅडम म्हणाल्या की नाचू नकोस, हवा कमी झाल्यावर चुलींचं आत काय होतं ते अजून मोजायचंय, आणि पेशीची गोष्ट गुळाइतकी सरळ नसते. पण विषय बदलायचा नाही. उलट आता तो जास्त चांगला झालाय.

"आणि नाना," ती म्हणाली, "तिसऱ्या थाळीला इथे सगळे काकवी म्हणतात. धीरजने तिच्यावर तशी चिठ्ठीच लावलीय. मॅडमसुद्धा म्हणतात."

नथ्थूने विचारलं की मॅडमना कोणी सांगितलं. चारू म्हणाली, मी सगळंच सांगितलं. तुम्ही सांगितलं का आप्पांना?

नथ्थूने फोन ठेवला. वर काहिलीवर झाऱ्याचा आवाज येत होता. त्याने सुरुपसिंगला पिशवी खाली ठेवायला सांगितली, घटकाभर जाळ सांभाळ म्हणाला, आणि पेटत्या चुलाणापासून उठून पायऱ्या चढून वर गेला. दोधू आप्पांनी त्याला जाळ चालू असताना वर आलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं खाली काही पेटलं.

"आप्पा, तुमना बाबानी ती काहील, घरोघर वाटेल," नथ्थू म्हणाला. "ती तुमना हाते नही बिघडनी. मन्हा हाते बिघडनी."

आप्पा पाकाकडे बघत होते. त्यांनी झारा फिरवला, थांबवला, पुन्हा फिरवला.

"माले तवयच कळनं व्हतं," ते म्हणाले. "सकाळे राख काढी, तं अर्धं चिपाड कोरं निघनं."

"मंग तवय बोलनात का नही?"

"गोळी तं मीच धरी व्हती ना. जाळ मंदायना हाई वर उभा राहीसन माले कळाले नको व्हतं?" मग आप्पांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "आनि तू घरोघर जाईसन मन्ही काकवी इतली गोड सांगे, बोलानं कसं?"

पाक पुटपुटायला लागला होता. नथ्थूने खाली ओरडून सुरुपसिंगला हात आखडायला सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी आप्पाही तेच सांगायला तोंड उघडत होते. त्या दिवशी नथ्थूने पहिल्यांदा काहील उतरताना वरून पाहिली, आणि सोनेरी पाक गार व्हायला वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, पसरताना बघून त्याला वाटलं, खालून जेवढा समजला होता त्यापेक्षा हा प्रकार बराच देखणा आहे.

होळीला चारू चार दिवस आली. येताना थाळ्यांची जबाबदारी धीरजवर सोपवून, किती दाणे पाणी घालायचं ते कागदावर लिहून, त्याच्याकडून वाचून घेऊन आली होती. घरात पुरणाचे मांडे होते. गुऱ्हाळ बंद, म्हणून नथ्थू भर दिवसा घरी, आणि त्याला आपल्या हातांचं काय करावं कळत नव्हतं. आप्पाही जेवायला बसले होते. कमलबाईने, मोडलेलं मनगट सांभाळत, चारूच्या ताटात दुसरा मांडा वाढला, मग तिसरा, वर तुपाची धार धरली ती थांबवेना.

चारूने ताटावर हात आडवा धरला. जास्त कोंबलं की काय होतं ते आता सगळ्या घराला माहीत आहे, असं ती म्हणाली, आणि नानांकडे बघितलं. नथ्थूने मान खाली घालून हसू लपवलं.

कमलबाईने तिचा हात बाजूला सारला.

"तो कायदा पुण्याना पेशीसले," ती म्हणाली. "आठे मन्हं राज शे. हात काढ."